लाडक्या जनावराचे चित्र काढवून घेताना

जनावराची तसबीर काढवून घेण्याची हौस आजकालची नाही. विजापूरचा सुलतान इब्राहिम आदिलशाह दुसरा (कारकीर्द १५८० ते १६२७) याचा आतशखान नावाचा लाडका हत्ती होता. त्यावर स्वार झालेल्या सुलतानाचे इ. स. १६०० च्या सुमाराचे चित्र आजही उपलब्ध असून ते फर्रुख हुसेन या चित्रकाराचे मानले जाते. आपल्या 'किताब-ए-नौरस' या दख्खनी गीतसंग्रहातही सुलतानाने या हत्तीला स्थान दिले आहे. हा राजा दरबारात मराठी बोलत असे, अशी नोंद मोगल वकील असदबेग याने केली आहे. तेव्हा आम्हा सीमाभागातील लोकांना तो परका नव्हे.

राजाकडे हत्ती, तर आमच्या खजुरीकडे बैल. गतवर्षी आमच्या घरी ट्रॅक्टर आला व बैलजोडी विकायचे ठरले. आजोबांनी एकच अट घातली, "आदी सर्जाचं चित्र काडून घ्या, मंग दावं सोडा." ते काम माझ्याकडे आले. त्यातून जे कळले ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून देतो.

पहिली गोष्ट फोटोची. मोबाइल जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर धरावा व चार पावले मागे सरून, सकाळच्या उन्हात, एक फोटो समोरून व एक बाजूने घ्यावा. फार जवळून घेतल्यास तोंड मोठे व पाय आखूड दिसतात.

दुसरी गोष्ट खुणांची. 'पांढरा बैल' एवढे सांगून भागत नाही. आपल्याकडच्या देवणी जातीतच वानेरा, बालंक्या व शेवेरा असे रंगावरून प्रकार पडतात. वानेऱ्याचे अंग पांढरे, पण तोंडाच्या बाजू काळ्या. शेवेऱ्याच्या अंगावर काळे ठिपके वेडेवाकडे विखुरलेले. कपाळावरचा भोवरा, शिंगांचा कल, गळ्याची पोळी हे सारे कागदावर लिहून द्यावे. खांद्यावरचा जुवाचा घट्टा झाकू का, असे पेंटरने विचारले, तेव्हा आजोबा म्हणाले, "तोच तर सर्जा हाय."

तिसरी गोष्ट पद्धतीची. पेंटर फोटोवर व कापडावर सारख्याच संख्येच्या चौकटी आखतो आणि एकेक चौकट मोठी करून उतरवतो. पेन्सिलीचे रेखाटन झाले की स्वतः जाऊन पाहावे. तेव्हा दुरुस्ती खोडरबराने होते, रंग चढल्यावर ती महाग पडते. तैलरंग सावकाश वाळतात. म्हणून पोळ्याला चित्र हवे असेल, तर निदान दीड-दोन महिने आधी सांगावे. आकार, चौकट, आगाऊ रक्कम व तारीख कागदावर लिहून घ्यावी. त्यात दोघांचेही हित आहे.

वाणिज्याच्या पुस्तकात बैल म्हणजे मालमत्ता. दरवर्षी घसारा काढायचा; विकला की खाते बंद. आजोबांच्या हिशेबात मात्र सर्जाचे खाते अद्याप चालू आहे. मित्रहो, ज्यांच्या गोठ्यात अजून जोडी आहे, त्यांनी एक सकाळ फोटोसाठी काढावी. दावण रिकामी झाल्यावर भोवरा कोणत्या बाजूला होता, यावर घरात चार मते पडतात.