एक घर नव्हे, सारी आळी

रेवदंड्याहून मुरुडकडे जाताना वाटेत काशीद लागते. प्रवासी तेथे थांबतात ते समुद्रकिनाऱ्यासाठी. पण या रस्त्यावर पाहण्यासारखे आणखीही काही आहे. रेवदंड्याला पोर्तुगीजांनी बांधलेल्या तटाच्या आत आजही लोकवस्ती आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. मुरुडजवळ समुद्रात जंजिरा उभा आहे. आणि वाटेतल्या गावांतून अधूनमधून दिसतात ती उतरत्या छपरांची, ओटी-पडवीची कौलारू घरे. जंजिऱ्यासारख्या किल्ल्याला १९५८ सालच्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. पण ज्या घरात माणसे राहतात, रोज चूल पेटते, त्याचे काय?

त्यातले एखादे सुंदर घर राखले म्हणजे झाले, असे आपल्याला वाटेल. परंतु घर एकटे जगत नाही. शेजारी उंच इमारत उभी राहिली, की ऊन आणि वारा अडतो. पावसाळ्यात भिजलेल्या भिंती लवकर वाळत नाहीत. रस्त्यावर थरावर थर चढत गेले, की जोते खाली पडते आणि पाणी ओटीवर येते. म्हणून जपायची ती सारी आळी: घरे, रस्ता, गटार, विहीर आणि झाडे यांसह. अशा जपलेल्या भागाला ‘वारसा परिसर’ म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील चार्ल्सटन शहराने १९३१ साली आपल्या जुन्या वस्तीसाठी असा नियम केला. फ्रान्सने १९६२ साली त्यासाठी कायदा केला. आपल्याकडे मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली. तिच्यात इमारतींच्या तीन श्रेणी ठरवल्या आहेत. पहिल्या श्रेणीच्या इमारतीत सहसा बदल करता येत नाही. खालच्या श्रेणींना अधिक मोकळीक असते. सुट्या इमारतींबरोबर संपूर्ण परिसरांचाही तिच्यात विचार आहे. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतालच्या इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला, तोही समूह म्हणूनच.

आता थोडे रसायनशास्त्र पाहू. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले, की त्यांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले, की तो फसफसून विरतो. भिंतीत गेल्यावर हाच चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषतो आणि पुन्हा चुनखडी बनतो! हा चुना सच्छिद्र असल्यामुळे भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडते.

अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला तर? सिमेंट ओल सहजी बाहेर सोडत नाही. समुद्राकाठच्या ओलीत मीठ असते. गिलाव्यामागे त्याचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काँक्रीटमधील लोखंडी सळ्यांनाही खारी हवा सोसत नाही. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त असते. त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. तात्पर्य, भक्कम दिसणारी दुरुस्तीच कधी कधी घराचा घात करते.

घरमालकाची अडचणही खरी आहे. दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळायची, वाळवी लागलेले वासे बदलायचे. हा खर्च कोणी सोसायचा? गावासाठी घर राखायचे, तर भारही गावाने उचलायला हवा. मुंबईच्या नियमावलीने यावर एक तोड काढली. वारसा नियमांमुळे मालकाला जे बांधकाम करता येत नाही, त्याचा हक्क ठरावीक अटींवर दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो. लहान गावात जागेला तेवढा भाव नसतो. तेथे करात सूट, दुरुस्तीला अनुदान आणि चुन्याचे काम जाणणारे गवंडी, हेच उपाय अधिक उपयोगी पडतील.

परंतु कोणताही नियम करण्यापूर्वी यादी हवी. ती तुम्हीही करू शकाल. आपल्या आळीचा नकाशा काढा. प्रत्येक घराच्या भिंती कशाच्या, छप्पर कसले, जोते रस्त्यापासून किती सेंटिमीटर उंच, याची नोंद करा. घर कधी बांधले, ते घरातल्या आजीआजोबांना विचारा. दर वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा. पाच वर्षांनी ती वही ग्रामसभेपुढे ठेवता येईल. आळीत काय होते आणि त्यातले काय गेले, हे तिच्यावरून साऱ्या गावाला दिसेल.