साल मुबारक
आम्हां बडोदेकर मराठी मंडळींच्या घरी वर्षातून दोन पाडवे येतात. चैत्रातला पाडवा हा शालिवाहन शकाचा वर्षारंभ. दिवाळीचा पाडवा हे गुजराती शेजाऱ्यांचे बेसतुं वर्ष. त्यांचा विक्रम संवत त्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, बदलतो. सकाळीच ते दारी येऊन ‘साल मुबारक’ म्हणतात. साल शब्द फारसी, मुबारक अरबी. नाक मुरडणाऱ्यांनी आपले ‘सालाबादप्रमाणे’ आठवावे! कोणी ‘नूतन वर्षाभिनंदन’ असेही म्हणतात.

उत्तर काय द्यावे, असे मुले विचारतात. संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, दसऱ्याला ‘सोने घ्या’ असे पिढीजात बोल मराठीत आहेत. वर्षारंभाला तसा रुळलेला बोल नाही. गुढी आणि कडुनिंबाची पाने यांवरच आम्ही भागवतो. ‘नववर्षाच्या शुभेच्छा’ ही भाषा छापील कार्डाची. ती तोंडी अवघडच वाटते. हैदराबादच्या आमच्या सोयऱ्यांची पंचाईत कमी, कारण तेथील तेलुगू शेजाऱ्यांचे ‘उगादि शुभाकांक्षलु’ चैत्र पाडव्यालाच ऐकू येते.

तेव्हा कार्तिकात मुलांनी खुशाल ‘साल मुबारक’च म्हणावे. चैत्रात मात्र शेजाऱ्यांच्या हातावर कडुनिंब व गूळ ठेवावा. तोंड वाकडे करून ते हसतात, पण खातात.