साडेआठची नोंद

पुण्यातील ज्या चौकास लोक आजही शिमला ऑफिसचा चौक म्हणतात, तेथील घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत १९२८ साली उभी राहिली आणि हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याचे मुख्य ठाणे शिमल्याच्या डोंगरावरून आपल्या दफ्तरांसह दख्खनच्या पठारावर उतरले. १९४४ साली मुख्यालय दिल्लीस हलले, तरी नोंदींचा साठा, उपकरणांचे विभाग आणि कृषिहवामानाचे काम पुण्यासच राहिले. पुढे १९६२ साली उष्णकटिबंधीय हवामानाच्या संशोधनाची स्वतंत्र संस्थाही याच शहरात स्थापन झाली. त्यामुळे गणेशखिंडीच्या विद्यापीठात वातावरणविज्ञानाचे अध्ययन करणाऱ्यास जे भाग्य लाभते ते देशात फार थोड्या विद्यार्थ्यांच्या वाट्यास येत असेल. सकाळी वर्गातील फळ्यावर ज्या हवेविषयीचे समीकरण मांडले जाते, त्याच हवेचे कित्येक दशकांचे दफ्तर गावातल्या गावात उघडून पाहता येते.

या शास्त्राकडे वळणारा विद्यार्थी बहुधा पदार्थविज्ञानाचा अथवा गणिताचा पदवीधर असतो, आणि आपल्याला लवकरच ढग, वारा, वादळ यांविषयी काही ऐकावयास मिळेल अशी त्याची स्वाभाविक अपेक्षा असते. मीही तीच अपेक्षा घेऊन वर्गात बसलो होतो. प्रत्यक्षात पहिले सत्र सदिशांच्या, आंशिक अवकलनाच्या आणि उष्मागतिकीच्या अभ्यासात जाते. फिरत्या पृथ्वीवरील हवेच्या गतीस न्यूटनचा नियम कसा लावावा, हवेचे वस्तुमान कोठेही निर्माण वा नष्ट होत नाही ही साधी गोष्ट गणितात कशी लिहावी, दाब, तापमान व घनता यांचा परस्परांशी करार कोणता, उष्णतेचा व बाष्पाचा हिशेब कसा ठेवावा, एवढे जुळले की वातावरणाचे सारे व्यवहार मोजक्या समीकरणांत आणून ठेवता येतात. त्या समीकरणांचे सौंदर्य खरे आहे. एखादा मनुष्य त्यांच्यातच जन्मभर रमून गेला तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्या समीकरणांना आरंभीची स्थिती कोठून मिळते, हा प्रश्न ज्या दिवशी विद्यार्थ्याच्या मनात उभा राहतो त्या दिवशी त्याचे हवामानशास्त्राचे शिक्षण सुरू होते असे माझे मत आहे, आणि हा प्रश्न वर्गात बसून सुटत नाही. त्यासाठी वेधशाळेच्या आवारातील त्या पांढऱ्या पेटीपाशी सकाळी साडेआठ वाजता हजर राहावे लागते.

ही पेटी स्टीव्हन्सनची पेटी म्हणून जगभर ओळखली जाते. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील टॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहांचे अभियंते होते, त्यांची ही योजना. दुहेरी झडपांच्या लाकडी भिंतींतून वारा खेळत राहतो, मात्र ऊन आत शिरत नाही. आपल्या गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे ठेवतात, कारण दार उघडताच सूर्यकिरण तापमापकावर पडता उपयोगी नाहीत. आत चार तापमापक असतात: शुष्क, आर्द्र, कमाल आणि किमान. आर्द्र तापमापकाच्या फुग्यास मलमल गुंडाळलेली असते व तिला वातीने शुद्ध पाणी पोहोचत असते. मलमल मळली, वात सुकली किंवा पाणी क्षारयुक्त निघाले, तर त्या दिवसाची आर्द्रता खोटी ठरते. वाचन करताना डोळा पाऱ्याच्या टोकाशी समपातळीत आणावा, शुष्क तापमापक प्रथम व त्वरेने वाचावा, कारण निरीक्षकाच्या देहाची ऊबही पाऱ्यास कळते, आणि आकडा अंशाच्या दशांशापर्यंत घ्यावा. नंतर कमाल तापमापक झटकून व किमान तापमापकाची सूचिका कलती करून दोन्ही पूर्वस्थितीवर आणावेत आणि ते शुष्क तापमापकाशी जुळतात की नाही हे ताडून पाहावे. मग मान वर करून आकाशाचे आठ भाग कल्पावेत, त्यांपैकी किती भाग मेघांनी व्यापले आहेत व ते मेघ कोणत्या जातीचे आहेत हे ठरवावे. या शेवटच्या कामास कोणतेही यंत्र हाताशी नसते. राशिमेघ आणि राशिस्तरमेघ यांतील भेद पुस्तकातील चित्रांत अगदी स्पष्ट दिसतो, परंतु आषाढातील पुण्याच्या आकाशात तो करताना अनुभवी निरीक्षकही क्षणभर थांबतो.

वायुभारमापकाचे वाचन याहून नाजूक. फोर्टिनच्या भारमापकात तळच्या कुंडीतील पारा हस्तिदंती टोकास जेमतेम स्पर्श करील इतका वर आणावा लागतो. टोक व त्याचे पाऱ्यातील प्रतिबिंब एकमेकांस भिडले की थांबावयाचे. आलेल्या आकड्यास उपकरणाची, तापमानाची आणि गुरुत्वाकर्षणाची दुरुस्ती लावून तो समुद्रसपाटीवर आणला जातो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे ही शेवटची भर साठ हेक्टोपास्कलच्या आसपास जाते, आणि जो फरक शोधावयाचा असतो तो पुष्कळदा दोन-तीन हेक्टोपास्कलांचा असतो. आता पाऱ्याची जागा विद्युत् संवेदक घेत आहेत व ते योग्यच आहे. तथापि ज्याने एकदा हस्तिदंती टोक पाऱ्यास भिडविले आहे, त्याला पडद्यावर झळकणाऱ्या आकड्यामागे किती दुरुस्त्यांचा परिवार उभा आहे हे सांगावे लागत नाही.

ही वाचने ज्या मुहूर्तावर पुण्यास होतात त्याच मुहूर्तावर रत्नागिरीस, नागपुरास, कोलकात्यास आणि जगातील वेधशाळांत होत असतात, कारण आपले साडेआठ म्हणजे ग्रिनिचचे पहाटेचे तीन, आणि तो आंतरराष्ट्रीय संकेताचा तास आहे. सर्व ठिकाणचे आकडे सांकेतिक लिपीतून गोळा होतात व नकाशावर प्रत्येक ठाण्याच्या छोट्या वर्तुळाभोवती ठरलेल्या जागी मांडले जातात: डावीकडे वर तापमान, खाली दवबिंदू, उजवीकडे वर वायुभार, आणि वर्तुळातून निघालेला वाऱ्याचा बाण, ज्याच्या शेपटीवरील पूर्ण पीस दहा नॉट व अर्धे पीस पाच नॉट वेग दाखविते. असा भरलेला नकाशा पुढ्यात घेऊन, हातात मऊ पेन्सिल धरून समदाबरेषा काढणे, हा या अभ्यासक्रमाचा माझ्या दृष्टीने आत्मा आहे.

दोन-दोन हेक्टोपास्कलांच्या अंतराने समान दाबाचे बिंदू जोडीत जावयाचे, एवढेच ते काम. रेषा रेषेस छेदणार नाही, आणि नकाशाच्या मध्येच विराम पावणार नाही. नवख्यास हे चित्रकलेचे काम वाटते. परंतु आमचे सर प्रत्येकाच्या पाठीशी येऊन उभे राहत आणि बोट ठेवून विचारीत, “ही रेषा इथून का नेली, याचा जबाब द्या.” आणि मग ध्यानात येई की रेषेचे प्रत्येक वळण ही एक जबानी आहे. समजा, बंगालच्या उपसागराच्या शिरोभागी एका जहाजाने आजूबाजूच्या ठाण्यांहून तीन हेक्टोपास्कलांनी कमी दाब कळविला आहे. एकट्या जहाजाचा साक्षीपुरावा मानावा काय? उपकरणाचा दोष, लिपी लिहिताना झालेली चूक, काहीही संभवते. अशा वेळी विद्यार्थ्याने दाबाकडून वाऱ्याकडे वळावे. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता कमी दाब डाव्या हातास असतो, हा बाइज बालट यांचा नियम त्याला ठाऊक आहे. तेव्हा ओडिशाच्या किनाऱ्यावर वारा उत्तरेचा आणि बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आग्नेयेचा दिसत असेल, तर दोन्ही साक्षी मधल्या जहाजाच्या बाजूने पडतात. मग रेषा त्याच्याभोवती आवळावी, आणि चार दिवसांनी विदर्भात पडू शकणाऱ्या पावसाचा उगम तेथे आहे असे समजून पुढील नकाशांची वाट पाहावी. उलट वाऱ्यांनी दुजोरा दिला नाही तर त्या आकड्यावर प्रश्नचिन्ह घालावे. तो खोडू मात्र नये, कारण उद्याचा नकाशा त्याचे समर्थन करण्याचा संभव असतो.

अशीच बारीक नजर कोकणच्या किनाऱ्यावर लागते. पावसाळ्यात गुजरातपासून केरळापर्यंत किनाऱ्यालगत समदाबरेषांना कधीकधी किंचित बाक येतो. फरक एखाद्या-दोन हेक्टोपास्कलांचा. ओढण्याच्या ओघात तो बाक सपाट करून टाकणे फार सोपे असते, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अतिवृष्टीचे कारण अनेकदा त्या बाकातच असते.

येथे पाठ्यपुस्तकांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आमच्या हाती येणारे बहुतेक मान्यवर ग्रंथ समशीतोष्ण प्रदेशांत लिहिलेले आहेत. तेथे दाबाचे अंतर मोठे, पृथ्वीच्या परिवलनाचा प्रभाव प्रबळ, आणि उष्ण व शीत वायुराशींच्या सीमा नकाशावर ठळक असतात. आपल्या अक्षांशांत दाबाचे उतार मंद असतात, विषुववृत्ताकडे जावे तसतसा परिवलनाचा प्रभाव क्षीण होत शून्यावर येतो, आणि त्याशिवाय येथील वायुभारास रोजची दुहेरी भरती-ओहोटी असते: सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो चढतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. तीन तासांत दाब पडला म्हणून वादळ जवळ आले असे येथे म्हणता येत नाही. म्हणून आपल्याकडे काल याच तासास जो दाब होता त्याच्याशी आजचा दाब ताडून चोवीस तासांचा फरक काढण्याचा शिरस्ता आहे. परदेशी ग्रंथाचा आदर राखूनही आपल्या मुलुखाची हवा आपल्याच नोंदींवरून शिकावी लागते याचा हा दाखला पुरेसा आहे.

त्या नोंदींतून काय निघू शकते हे गिल्बर्ट वॉकर यांनी दाखवून दिले. केंब्रिजचे हे गणिती १९०४ ते १९२४ या काळात आपल्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचे पूर्वानुमान करता यावे म्हणून त्यांनी जगभरातील ठाण्यांच्या दाब, तापमान व पर्जन्याच्या नोंदींचे परस्परसंबंध हिंदी कारकुनांकडून हातांनी गणित करवून तपासले, आणि पॅसिफिक व हिंदी महासागर यांच्यावरील वायुभार एकमेकांच्या उलट दिशेने हेलकावतो हे त्यांना आढळले. एल निनोविषयी आज वर्तमानपत्रांत जे येते, त्याच्या मुळाशी हा दक्षिणी आंदोलनाचा शोध आहे. ॲना मणी यांचे नावही येथे घेतले पाहिजे. १९४८ साली त्या पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या आणि आपल्या देशात बनलेल्या हवामानाच्या उपकरणांना विश्वासार्हता यावी म्हणून त्यांनी आयुष्य वेचले.

बलूनने पाठविलेल्या वरच्या हवेच्या आकड्यांवरून ऊर्जेचे आलेख काढणे, उपग्रहांची चित्रे वाचणे, रडारचे पडदे पाहणे हेही सारे अभ्यासक्रमात असते, आणि चैत्र-वैशाखातील वळवाचा पाऊस समजावयाचा तर त्या आलेखाखेरीज गत्यंतर नाही. पण त्याचा विस्तार येथे करीत नाही. संगणकाविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण आजच्या विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ त्याच्यासमोर जातो. समीकरणे सोडवून हवामान वर्तविण्याचा पहिला मोठा प्रयत्न लुईस फ्राय रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धात, जखमींना वाहून नेणाऱ्या पथकात काम करीत असताना, हाताने आकडेमोड करून पुरा केला व १९२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. २० मे १९१० या दिवसासाठी सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलांनी वाढेल असे त्यांचे उत्तर आले. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. समीकरणे बरोबर होती. आरंभी भरलेले दाब व वारे परस्परांशी समतोल नव्हते, म्हणून उत्तर भरकटले. त्याच आकड्यांचा समतोल साधून नंतरच्या अभ्यासकांनी तीच पद्धत लावली तेव्हा उत्तर ताळ्यावर आले.

विद्यार्थ्याने हे प्रकरण वाचून २६ जुलै २००५ च्या मुंबईकडे वळावे. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी; आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकास, कुलाब्यास, ७३ मिलिमीटर. देशाच्या नकाशावर ही दोन ठाणी टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत मावतात. खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे साडेआठला मोजलेला पाऊस त्या दिवसाच्या तारखेस लिहिला जातो, म्हणून हा आकडा दफ्तरात २७ जुलैच्या नावे आहे. हे ठाऊक नसलेला संशोधक संगणकात एका दिवसाची चूक सहज भरून टाकतो. आणि सांताक्रूझला पर्जन्यमापक नसता, केवळ कुलाब्याचाच असता, तर त्या दिवशी मुंबईत एक साधारण पावसाळी दिवस होता अशी नोंद इतिहासात राहिली असती.

विद्यापीठांतून हाताने नकाशे काढण्याचे तास हल्ली कमी होत आहेत, संगणक रेषा अधिक जलद काढतो असे त्याचे समर्थन करण्यात येते, आणि जलदपणाबद्दल वादही नाही. परंतु संगणकाने दिलेल्या रेषेस जबाब विचारण्याचे सामर्थ्य ज्याच्या ठायी असावयास हवे तो विद्यार्थी ती रेषा स्वतः काढल्यावाचून तयार होत नाही, म्हणून हे तास अभ्यासक्रमात राहिलेच पाहिजेत. आणि दुसरी विनंती महाराष्ट्रातील महाविद्यालयांस आहे. पूर्वी तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक असे व महसूल खात्याचा कारकून रोज त्याची नोंद करीत असे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून पूर्वेस थोडेसे गेले की पाऊस निम्म्याहून खाली येणाऱ्या या प्रांतात तालुक्यास एक नोंद कधीच पुरेशी नव्हती. प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाने झाडांच्या व भिंतींच्या आडोशापासून दूर, मोकळ्या जागी एक प्रमाणित पर्जन्यमापक बसवावा, रोज सकाळी साडेआठ वाजता विद्यार्थ्याकडून पाऊस मोजवून घ्यावा, पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, आणि ती नोंदवही सुट्टीच्या काळातही बंद पडू देऊ नये.