कुलूप तोडले, पण…

२०१७ सालची गोष्ट. माझ्या बेळगावच्या दवाखान्यातील रुग्णनोंदींचे सॉफ्टवेअर मी रीतसर पैसे मोजून घेतले होते. संगणकाला डोंगल जोडल्याखेरीज ते उघडत नसे. एके सकाळी ते डोंगल निकामी झाले. विकणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. कोणाला पेनिसिलिनची ॲलर्जी, कोणाची इन्सुलिनची मात्रा किती, बारा वर्षांच्या साऱ्या नोंदी आत अडकल्या. एका तंत्रज्ञाने तासाभरात ते कुलूप मोडून दिले.

कायदा मी नंतर वाचला! प्रताधिकार कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५अ असे संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगते. मात्र हक्कभंगाचा हेतू असला तरच. कायद्याने न निषेधिलेल्या कामासाठी ते मोडता येते. मोडून देणाऱ्याने मागणाऱ्याचे नाव, पत्ता व प्रयोजन नोंदवून ठेवायचे, आपल्या विषारी औषधांच्या नोंदवहीसारखेच. आमच्या तंत्रज्ञाने काहीच लिहून घेतले नव्हते. अमेरिकेत तर शरीरात बसविलेल्या उपकरणातील स्वतःचीच माहिती वाचण्यासाठी रुग्णांना २०१५ मध्ये खास सवलत मिळवावी लागली.

मी निश्चिंत झालो खरा. पण आठवड्याने एका व्यवसायबंधूंनी ती मोकळी झालेली प्रत मागितली. म्हणाले, “कंपनीच उरली नाही, मग चोरी कोणाची?” मला चटकन उत्तर सुचेना. कंपनी बुडाली म्हणून प्रताधिकार बुडत नाही, आणि त्यांच्या नोंदी काही आत अडकल्या नव्हत्या. मी नकार दिला. ते अद्याप माझ्याशी तुटकच बोलतात.