फ्रेममधलं पान

मस्कतमधल्या मराठी घरांच्या भिंतींवर काय काय टांगलेलं असतं याची कुणी मोजदाद केली, तर चांदीचा खंजर आणि वारली चित्र यांची पहिल्या नंबरासाठी चुरस लागेल. आमच्या भिंतीवर मात्र गेली वीसेक वर्षं जुने कागद आहेत. चहा घेता घेता पाहुणे हळूच विचारतात, "हे एवढं पिवळं पडलंय, बदलत का नाही?" आता काय सांगणार!

हे वेड आम्हां दोघांना लागलं ते 'बेत अल झुबेर'मुळे. जुन्या मस्कतमधलं हे संग्रहालय १९९८ साली उघडलं. खंजर, दागिने, बंदुका बघायला आपण जातो आणि ओमानच्या जुन्या नकाशांपुढे, छापील चित्रांपुढे थबकतो. जलाली आणि मिरानी हे आपले नेहमीचे दोन किल्ले, १५८० नंतरच्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेले, पण पायथ्याशी कॉर्निश नाही, दिवे नाहीत, नुसते खडक आणि शिडांची गलबतं. 'आपण राहतो ते हेच गाव?' असं वाटून जातं.

त्यातून वाचत गेलो तेव्हा लेफ्टनंट टेंपल भेटला. १८०९ साली ब्रिटिशांची एक आरमारी मोहीम आपल्या मुंबईहूनच निघाली आणि मस्कतमार्गे रास अल खैमावर चालून गेली. तिच्यात पासष्टाव्या पलटणीचा हा अधिकारी होता. लढाईच्या धामधुमीत त्याने आखाताची चित्रं काढली, आणि पुढे सोळा देखाव्यांचा संच छापून निघाला. ही चित्रं ॲक्वाटिंट पद्धतीची. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची, तो ॲसिडमध्ये बुडवायचा, की रेघांऐवजी सावलीसारख्या छटा उमटतात. वरून रंग हाताने भरायचे. मूळ संच आमच्या खिशाच्या फार पलीकडचा. आमच्याकडे आहे ते एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रजी साप्ताहिकातलं, लाकडी ठशावरून छापलेलं मस्कतचं बंदर. काळं-पांढरं, तळहाताएवढं. पण अस्सल!

फ्रेम बदलायला काढली तेव्हा त्याच्या डाव्या कडेला ओळीने बारीक भोकं दिसली. शिवणीची. म्हणजे कुणीतरी बांधीव अंक उसवला होता, चित्रं वेगळी काढली होती आणि मजकूर बहुधा रद्दीत गेला होता. तेव्हा ते फारसं मनाला लागलं नाही. साप्ताहिकाच्या प्रती पुष्कळ असतात.

हस्तलिखिताचं तसं नसतं. ती प्रत एकच.

आमचं पहिलं 'हस्तलिखित पान' मत्रा सूकमधल्या एका दुकानातून तीस रियालला आलं. घोड्यांवर बसून पोलो खेळणारे राजपुत्र, वर सोनेरी आभाळ, भोवती सुबक अक्षरांच्या ओळी. महिनाभर आम्ही ते सगळ्यांना दाखवत होतो. मग एकदा अरबी जाणणारे स्नेही घरी आले. चष्मा सरसावून त्यांनी वाचलं आणि हसू दाबत म्हणाले, "यात घोडे कुठेच नाहीत. मुलाला किती, मुलीला किती, वाटणीचे नियम आहेत." वारसाहक्कावर पोलो! जुन्या रद्दी पोथीचं पान घ्यायचं आणि त्यावर नवं चित्र रंगवायचं, हा उद्योग जयपूर-उदयपूरला आणि इस्फहानला राजरोस चालतो. कारागिराचा हात चांगला असतो, आणि नवं म्हणून विकलं तर त्यात फसवणूकही नाही. आम्हीच 'जुनं' या शब्दावर भाळलो.

तेव्हापासून आम्ही भिंग घेऊन हिंडतो. कसरीने केलेली भोकं बघायची. रंग भोकाच्या आतल्या कडेला उतरला असेल, तर कसर आधी आणि चित्र नंतर, हे उघड. चित्र अक्षरांवर चढलंय का तेही बघायचं. जुन्या लेखनशाळेत चित्राची जागा आधी मोकळी सोडत.

भिंगाचा उपयोग रविवर्म्यासाठीही होतो. १८९४ साली मुंबईत गिरगावला राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक ठसे. भिंगाखाली वेडेवाकडे, हाताने टिपलेले ठिपके दिसतात. आजच्या ऑफसेटमध्ये ठिपक्यांची जाळी शिस्तीत असते. आमची लक्ष्मी मुंबईच्या चोर बाजारात मिळाली. कुणा माउलीने तिच्या साडीला खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या आहेत. विकणारा म्हणाला, "हे काढून साफ करून देतो." आम्ही जवळजवळ ओरडलोच!

ही लक्ष्मी मस्कतला आलेली नाही. ठाण्याला दादाकडे आहे. कारण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसलेला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. वयाबद्दल शंका असेल तर वस्तू पुरातन नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावा. 'घरचीच तर आहे, बॅगेत टाकू' हे चालत नाही. ओमाननेही २०१९ साली सांस्कृतिक वारशाचा नवा कायदा केला, तेव्हा इथली जुनी वस्तू तिकडे नेतानाही आधी चौकशी केलेली बरी.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आजोळचं घर मोडलं. माळ्यावर लाल फडक्यात, दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधलेली हरिविजयाची हस्तलिखित पोथी निघाली. नऊ पानांवर चित्रं. गोवर्धनाच्या चित्रातला निळा तर अजून ओला वाटावा असा. दादाचा फोन आला, "अरे, आपण तिघं भावंडं. तीन-तीन चित्रं वाटून घेऊ, छान फ्रेमा करू. तुम्हाला तर वेडच आहे, पहिली निवड तुमची."

खोटं कशाला सांगा, त्या रात्री भिंतीवरची जागा आमच्या डोळ्यांसमोर आली. कायदा आठवला तो दुसऱ्या दिवशी. आणि कायद्याच्याही आधी आठवला तो तहमास्प शहाचा शाहनामा. सोळाव्या शतकात तबरिझला घडलेला हा ग्रंथ, २५८ चित्रांचा. १९५९ साली हाउटन नावाच्या अमेरिकन धनिकाने तो विकत घेतला आणि पुढे पानं सुटी केली. काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली, काही लिलावात गेली. उरलेला ग्रंथ, त्यात ११८ चित्रं, १९९४ साली व्हिएन्नाच्या विमानतळावर इराणच्या ताब्यात आला, तोही डी कूनिंगच्या एका आधुनिक चित्राच्या बदल्यात. २०११ साली त्यातलं एकच पान लंडनला सुमारे ७४ लाख पौंडांना गेलं. ग्रंथ मोडणाऱ्याला फायदा कुठे दिसतो ते यावरून कळतं.

तिथे निदान बांधणी उसवावी लागली. आपली पोथी तर मुळात सुटी, सुरीसुद्धा लागत नाही. आपल्या चित्रकथ्यांच्या पोथ्यांचं असंच झालं. पिंगुळीचे ठाकर चित्र पुढे धरून कथा गातात, एक चित्र झालं की दुसरं. पैठण शैलीची सुटी चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्येही आहेत. काचेमागे घटोत्कच दिसतो, पण तो कुणाशी लढतोय हे सांगणारं पुढचं चित्र तिथे असेलच असं नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अशी कितीतरी चित्रं जमवली म्हणून ती निदान इथे राहिली.

आम्ही दादाला एकच विनंती केली, वाटणीआधी प्रत्येक पानाचा फोटो पाठव. शेवटचं पान बिनचित्राचं, म्हणून कुणाच्याच वाट्याला येणार नव्हतं. त्यावर 'शके १७४२' असं स्पष्ट लिहिलंय, आणि खाली जुन्या लेखनिकांची ठरलेली विनवणी. पाठ-मान मोडून, डोळे ताणून हे लिहिलंय, तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा. फोनवर दादाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सैल बांधणी म्हणजे आपणच की रे."

आता दादाचं म्हणणं, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला अख्खी देऊन टाकू. आम्हांलाही पटतंय. ताईला मात्र गोवर्धनाचं पान हवंच आहे. तिचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. लहानपणी आजी चातुर्मासात पोथी सोडायची तेव्हा ते पान बघायला ताईच तिच्या मांडीवर बसायची. आम्ही तेव्हा अंगणात गोट्या खेळत होतो. "मंडळात दिली तर मला ती कोण हातात देणार?" असं तिने विचारलं, आणि याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मूळ मापाची उत्तम छायाप्रत करून देतो म्हटलं, तर म्हणाली, "तुमच्या पोलोसारखी?"

डिसेंबरात जाणार आहोत. तोवर पोथी ठाण्याला, दादाच्या कपाटात, लाल फडक्यात. वहिनींनी तिच्यापासून डांबरगोळ्या लांब ठेवल्यात आणि नाडी घट्ट बांधलीय.