मुशीचे चित्र, होडीवरून

श्रोतेहो, होडीतून पाण्यातली मुशी टिपायला जावे, तर चित्रात येते नुसती चकाकी! म्हणून सूर्य पाठीशी घ्यावा, होडीतल्या उंच जागेवरून खाली पाहून चित्र काढावे. भिंगावर पोलरायझर काच लावली, तर तिरपी चकाकी बरीच मरते.

ही नुसती हौस नव्हे, बरे का! व्हेल शार्क या अजस्र मुशीला २००१ पासून कायद्याचे संरक्षण आहे. जाळ्यात सापडली, तर जाळे कापून तिला सोडायचे. मग कोळीबांधवाने नुकसान सोसायचे काय? महाराष्ट्रात २०१८ साली अशा जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आली. तिला पुरावा छायाचित्राचा. तेव्हा एकाने जाळे कापावे, दुसऱ्याने चित्र टिपावे.

आणि गुरुजी, मुलांना सांगा: तिच्या अंगावरचे ठिपके आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, प्रत्येकीचे निराळे!