शिकविणाऱ्यांस शिकविण्याचा उद्योग

इ. स. १९४० च्या जून महिन्यांत फ्रान्स जर्मनीस शरण गेला, आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका चमत्कारिक टंचाईची जाणीव झाली. त्या वेळीं त्या देशांत सुमारें ऐंशी लक्ष माणसें बेकार होतीं. पैसा होता, पोलाद होतें, मंदीमुळें ओस पडलेल्या यंत्रशाळाहि होत्या. नव्हते ते कसबी कारागीर. मंदीच्या दहा वर्षांत बहुतेक कारखान्यांनीं नवे उमेदवार घेण्याचें जवळजवळ सोडूनच दिलें होतें. जुने कारागीर वयानें थकत चालले होते, आणि जे तरुण थोडेंबहुत शिकलेले होते त्यांना लवकरच सैन्यांत जावें लागणार होतें. दाराशीं माणसांची रांग आणि आंत यंत्रापाशीं मात्र माणूस नाहीं, अशी ती अवस्था होती.

तिच्यावर उपाय म्हणून त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत राष्ट्रीय संरक्षण सल्लागार मंडळाच्या आश्रयाखालीं एक लहानसें खातें उघडण्यांत आलें. ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’, म्हणजे कारखान्याच्या भिंतींच्या आंत द्यावयाचें शिक्षण, असें त्याचें नांव. खात्याचे प्रमुख चॅनिंग डूली हे एका तेल कंपनींतून आले होते, आणि त्यांचे सहकारी वॉल्टर डीट्झ हे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनींतून. प्रारंभीं त्यांची कल्पना साधी होती. अनुभवी सल्लागारांनीं कारखान्यांस भेटी द्याव्या, अडचण समजून घ्यावी आणि सल्ला देऊन परतावें. पण मागणी एवढी वाढली कीं, सल्लागार पुरेनात. आणि दिलेला सल्ला फाइलींत जाऊन बसे. संकटकाळीं शिक्षणाचा व्यवसाय उभारूं पाहणाऱ्यास पहिली ठेंच नेहमीं येथेंच लागते. ज्याला शिक्षणाची गरज सर्वांत अधिक, त्याच्यापाशींच वेळ सर्वांत थोडा असतो.

वाट दिसली ती भिंगांच्या कामांत. तोफांच्या दुर्बिणींसाठीं लागणारीं भिंगें घांसणारे कारागीर तांतडीनें हवे होते, आणि असा कारागीर तयार होण्यास पांच वर्षें लागतात अशी त्या धंद्यांत समजूत होती. खात्याच्या माणसांनीं कारागिरांच्या शेजारीं बसून त्यांचें काम तुकड्यातुकड्यानें पाहिलें. तेव्हां असें आढळून आलें कीं, या पांच वर्षांतील फार मोठा भाग उस्तादाभोंवतीं रेंगाळण्यांत आणि पाहून पाहून शिकण्यांत जातो. कामाचे कांहीं तुकडे नवख्या माणसालाहि थोड्या दिवसांत साधण्याजोगे होते. खरें कसब मोजक्याच ठिकाणीं लागत होतें. हीं ठिकाणें, म्हणजे कामांतलीं मर्मस्थानें, निवडून तींच नीट शिकविलीं तेव्हां वर्षांचें काम महिन्यांवर आलें. उस्तादाला तीं मर्में ठाऊक नव्हतीं असें नाहीं. तीं त्याच्या बोटांत होतीं, जिभेवर नव्हतीं, एवढेंच.

पुढील प्रश्न असा होता कीं, हीं मर्में बोटांतून जिभेवर कशीं आणावयाचीं? त्यासाठीं एक जुनें साधन हाताशीं होतें. पहिल्या महायुद्धांत, १९१७ नंतर, जहाजांच्या गोदींत नवख्या कामगारांस शिकविण्यासाठीं चार्ल्स ॲलन नांवाच्या शिक्षकानें चार पायऱ्यांची एक पद्धति बसविली होती: प्रथम शिकणाऱ्याची मनोभूमि तयार करणें, मग काम सांगून व करून दाखविणें, त्यानंतर तें त्याच्याकडून करवून घेणें, आणि शेवटीं त्याची परीक्षा पाहणें. महाराष्ट्रांतील ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडलेल्या शिक्षकांस हें ऐकून हर्बार्टची पंचपदी आठवल्यावांचून राहणार नाहीं, आणि ती आठवण अस्थानीं नाहीं. ॲलनची ही चतुष्पदी त्याच कुळांतली मानली जाते. जर्मन तत्त्वज्ञाची पंचपदी शाळेच्या फळ्यावरून उतरून गोदींत कशी गेली, हा शिक्षणाच्या इतिहासांतला एक मनोरंजक प्रवास आहे.

याच पायावर १९४१ सालीं दहा तासांचा एक अभ्यासक्रम तयार झाला. रोज दोन तास, असे पांच दिवस. एका वर्गांत दहा मुकादम, अधिक नाहींत. वर्गाचा आरंभ एका गांठीनें होई. विजेच्या दिव्याची दुपदरी तार ओढली गेली तरी जोड निसटूं नये म्हणून तिला आंतून एक विशिष्ट गांठ मारतात. शिक्षक एका मुकादमास पुढें बोलावी आणि ही गांठ कशी मारावी हें त्याला केवळ शब्दांनीं सांगे. डावें टोंक इकडून घ्या, उजवें तिकडून न्या, मागून पुढें काढा. मुकादम गोंधळून जाई. मग दुसऱ्यास बोलावून शिक्षक मुकाट्यानें गांठ मारून दाखवी. त्यालाहि ती साधत नसे. वर्गांत हंशा पिकत असेल, पण तो फार वेळ टिकत नसावा. कारण आपणहि आपल्या माणसांना आजवर असेंच शिकवीत आलों, हें प्रत्येकास तेथल्या तेथें उमजे. त्यानंतर तिसऱ्या माणसास चार पायऱ्यांनीं तीच गांठ शिकविली जाई, आणि ती त्याला येई. कामगार शिकला नाहीं तर शिकविणाऱ्यानें शिकविलेंच नाहीं असें समजावें, हें त्या वर्गाचें सूत्र होतें. मंदमति, आळशी, अडाणी हीं विशेषणें ज्यांच्या ओठांवर सदैव तयार, अशा मुकादमांस तें कडू औषधच वाटलें असणार.

उरलेल्या दिवसांत प्रत्येकानें आपल्या खात्यांतलें एक खरें काम आणून तें वर्गासमोर शिकवावयाचें असे. जातांना खिशांत मावेल असें एक कार्ड मिळे. त्यावर त्या चार पायऱ्या छापलेल्या. वर्ग घेणाऱ्यासाठीं मात्र शब्द न् शब्द लिहिलेली पुस्तिका होती, आणि तिच्याबाहेर जाण्याची त्याला मुभा नव्हती. प्रतिभावान् शिक्षकास ही सक्ती जाचक वाटेल. परंतु देशभर हजारों वर्ग चालवावयाचे आणि कोणताहि वर्ग दुसऱ्याहून हिणकस होऊं द्यावयाचा नाहीं, तर प्रतिभेवर विसंबून चालत नाहीं. एकानें दहांस शिकवावें, त्या दहांनीं आपापल्या माणसांस शिकवावें, अशा गुणाकारानें हें काम वाढत गेलें. कारखान्यास फी पडत नसे; मात्र वरिष्ठांनीं स्वतः मागणी करावी आणि मुकादमांस कामाच्या वेळांतून मोकळें करावें, ही अट होती.

याच सांच्यांत पुढें आणखी दोन वर्ग निघाले. त्यांतला एक कामाची रीत सुधारण्याचा. हातांतल्या कामाचा प्रत्येक बारीक तपशील कागदावर उतरावयाचा आणि त्याला विचारावयाचें: तूं कशाला हवास? कोठें, केव्हां, कोणाच्या हातून आणि कसा व्हावास? ज्याला उत्तर देतां येणार नाहीं तो तपशील गाळावयाचा. उरलेल्यांची जोडणी बदलून पाहावयाची. नवें यंत्र मागावयाचें नाहीं, आहे त्यांतच भागवावयाचें. नवकल्पना म्हणजे मोठ्या संशोधकाची मिरासदारी, हा समज येथें निकालांत निघाला. कल्पना ज्याची असेल त्याला तिचें श्रेय देण्याचा दंडकहि घालून दिला गेला.

दुसरा वर्ग माणसांशीं वागण्याचा. त्याची आवश्यकता वेगळ्याच कारणानें तीव्र झाली होती. कारखान्यांच्या दारांतून आतां पूर्वी कधीं न आलेलीं माणसें आंत येत होतीं: गृहिणी, शेतावरचीं पोरें, आणि कृष्णवर्णी नागरिक. हे शेवटचे आपण होऊन आंत घेतले गेले नव्हते. शयनगाड्यांवरील नोकरांच्या संघाचे नेते फिलिप रँडॉल्फ यांनीं वॉशिंग्टनवर प्रचंड मोर्चा नेण्याची तयारी केली, तेव्हां २५ जून १९४१ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं संरक्षणाच्या कारखान्यांत वर्णभेद करण्यास मनाई करणारा हुकूम काढला. या वर्गांत चर्चिल्या जाणाऱ्या प्रसंगांपैकीं एक असा होता: खात्यावर प्रथमच एक स्त्री मुकादम येणार आहे, पुरुष कामगार कुरकुरत आहेत, वरिष्ठानें काय करावें? उत्तरें तयार दिलेलीं नसत. आधीं वस्तुस्थिति गोळा करा, मग तोला, मग कृति करा, आणि परिणाम झाला कीं नाहीं तें जाऊन पाहा, एवढीच शिस्त लावली जाई.

तिची मर्यादाहि दिसून आली. १ ऑगस्ट १९४४ रोजीं फिलाडेल्फिया शहरांत आठ कृष्णवर्णी नोकरांस ट्राम चालविण्याचें शिक्षण देण्यास आरंभ व्हावयाचा होता. गोऱ्या नोकरांनीं त्याच दिवशीं वाहतूक बंद पाडली. युद्धसामग्री बनविणारें तें मोठें शहर जागच्या जागीं थांबलें. अखेर सुमारें पांच हजार सैनिक आणावे लागले, तेव्हां कोठें ट्रामगाड्या सुरळीत झाल्या. आठ माणसांनीं एक काम शिकावें, याला केवढा हा विरोध! शिकविण्याची रीत कितीहि निर्दोष असली तरी कोणास शिकूं द्यावयाचें हें ती ठरवूं शकत नाहीं.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ठाऊक असलेल्यांस हें नवें वाटणार नाहीं. तेथें धोट्यांतून धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या कल्पनेमुळें अस्पृश्य कामगारांस विणकाम खात्यांत प्रवेश मिळत नसे. अधिक मजुरीचें खातें तें तेंच. १९२८ च्या गिरणीसंपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हा प्रश्न उघडपणें मांडला. जॉबरच्या मर्जीनें नोकरी आणि शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून विद्या, अशी ज्या ठिकाणीं रीत, त्या ठिकाणीं शेजारींच उभें राहूं दिलें नाहीं म्हणजे विद्येचें दार आपोआपच बंद झालें.

अमेरिकेंतील तें खातें युद्ध संपतांच १९४५ सालीं बंद झालें. तोंवर १६,५११ ठिकाणीं मिळून १७,५०,६५० माणसांस प्रमाणपत्रें दिलीं गेलीं होतीं. ज्या कारखान्यांची पाहणी केली त्यांपैकीं ८६ टक्के ठिकाणीं उत्पादन निदान चतुर्थांशानें वाढलें, असें खात्याचा अखेरचा अहवाल सांगतो. अर्थात् अहवाल खात्याचाच, आणि युद्धकाळांत हात बसत गेल्यानें कांहीं वाढ एरवींहि झाली असती. हें लक्षांत घेऊनच तो आंकडा वाचावा. युद्धावरून शिपाई परतले तशा कारखान्यांतल्या असंख्य स्त्रिया घरीं पाठविल्या गेल्या. त्यांनीं काम शिकून दाखविलें होतें, पण तो मुद्दा कोणी विचारांत घेतला नाहीं.

सरकारी पैसा आटल्यावर या पद्धतीचा खराखुरा धंदा करण्याचें धाडस क्लीव्हलंड येथील लोवेल मेलन यांनीं केलें. ओहायो संस्थानांत ते युद्धकाळीं हेंच काम पाहत होते. भरभराटींत असलेल्या अमेरिकन कारखानदारांस आतां शिकण्याची निकड उरली नव्हती. गिऱ्हाईक मिळालें तें दुसरीकडे. पराभूत जपानांतील उद्योग पुन्हां उभे करण्यासाठीं अमेरिकन सैन्यानें त्यांच्या पेढीशीं करार केला, आणि १९५१ सालीं मेलन तीन शिक्षकांसह जपानांत गेले. तीच पुस्तिका, तींच कार्डें, तोच दहांचा वर्ग. टोयोटा कंपनीनें हे वर्ग आपल्या कारखान्यांत रुजविले आणि ‘काइझेन’ या नांवानें पुढें जगभर गाजलेल्या सुधारणेच्या शिस्तीस त्यांचा मोठा हातभार लागला.

अमेरिकेंत मात्र त्यांचें नांवहि बहुतेक विसरलें गेलें. जपानी मोटारींची पद्धत शिकावयास निघालेल्या अमेरिकन मंडळींस तिच्या मुळाशीं आपल्याच देशाच्या युद्धकालीन पुस्तिका सांपडल्या, आणि २००१ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील सिरॅक्यूज भागांत हे वर्ग पुन्हां सुरू झाले. पहिल्या तासाला अजूनहि तीच तारेची गांठ मारून दाखवितात.